हिशेबी पोरगा म्हातारा झाला तेव्हा

मेसचं बिल वाटायची वेळ आली की आपल्यातले निम्मे जण खिशातून मोबाईल काढतात. तेवीस डोकी, सहाशे नव्वद रुपये. आकडा असा की नुसता बघितला तरी सुटावा, पण नाही. बटणं दाबल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मग कुणीतरी सुस्कारा टाकून सांगतो की शाळेत असताना माझे तीसपर्यंत पाढे पाठ होते, आता वय झालं. आणि याचं वय किती, तर वीस!

वय झालं की तोंडी हिशेब खरंच जातो का? आणि जात असेल तर नक्की काय जातं? आकडे, पाढे, वेग की सवय? या प्रश्नाचा विचार करायला मला एका माणसाचं आयुष्य फार उपयोगी पडलं. आपल्या लायब्ररीत डब्ल्यू. डब्ल्यू. राऊज बॉल यांचं मॅथेमॅटिकल रिक्रिएशन्स अँड एसेज नावाचं जुनं पुस्तक आहे. कोडी सोडवायला म्हणून मी ते घेतलं होतं. त्यात तोंडी गणित करणाऱ्या अचाट लोकांवर एक प्रकरण आहे, तिथे हा माणूस भेटला. जॉर्ज पार्कर बिडर. विशेष म्हणजे हा आपल्याच जातकुळीतला, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर. (मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी रागावू नये, त्यांनाही यात पुढे थोडं थोडं मिळेल.)

बिडरचा जन्म जून १८०६ चा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, तिथलं मोर्टनहॅम्पस्टेड हे लहानसं गाव. बाप पाथरवट. घरात शिकलेलं असं कोणी नाही. सहा वर्षांचा असताना मोठ्या भावाने त्याला मोजायला शिकवलं, आधी दहापर्यंत, मग दहा-दहाच्या टप्प्याने शंभरापर्यंत. बस्स, एवढंच काय ते शिक्षण. पाटी नाही, पेन्सिल नाही. पाच हा आकडा कागदावर कसा दिसतो हे माहीत नसताना पोराला पाच म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं.

पुढचं सगळं त्याने स्वतःच शोधलं, तेही खेळता खेळता. गोट्या, वाटाणे, बंदुकीचे छर्रे, जे हाताला लागेल ते घेऊन तो रांगा मांडायचा. आठ छर्ऱ्यांची एक रांग, अशा सात रांगा, की झाला एक आयत. आता एकेक करून मोजा, छप्पन्न भरतात. असं करत करत दहा दाहे शंभरपर्यंतचा सगळा पाढा त्याने पाठ न करता मांडून काढला. आपण पाढे गाण्यासारखे म्हणतो, त्यामुळे मधली ओळ विसरली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बिडरच्या डोक्यात सात आठे ही ओळ नव्हतीच, छर्ऱ्यांची चटई होती. सात रांगांच्या पाच आणि दोन अशा दोन चटया करा, चाळीस आणि सोळा. म्हणजे बीजगणितात आपण कंस सोडवायला शिकतो तो नियम या पोराला वाटाण्यांनी शिकवला.

गावातल्या एका म्हाताऱ्या लोहाराच्या भट्टीपाशी संध्याकाळी लोक जमायचे. तिथे हा पोरगा बसलेला असे. एकदा कसल्याशा रकमेचा हिशेब निघाला आणि मोठ्यांच्या आधी याने उत्तर सांगितलं. लोकांना गंमत वाटली. मग आणखी अवघड, मग त्याहून अवघड. बरोबर उत्तराला कोणी अर्धी पेनी हातावर ठेवी. आता मला सांगा, सात-आठ वर्षांच्या पोराला गणिताची गोडी लागायला याहून चांगली सोय कुठली? आपल्याकडे ओरलच्या वेळी एक्स्टर्नलने दर बरोबर उत्तराला एक वडापाव ठेवला तर निकाल कुठल्या कुठे जाईल!

पण इथेच गोष्ट थोडी वाईट वळण घेते. बापाच्या लक्षात आलं की पोराच्या डोक्यावर पैसा आहे. त्याने शाळा-बिळा बाजूला ठेवली आणि पोराला गावोगाव फिरवायला सुरुवात केली. तिकीट काढा, प्रश्न विचारा. हिशेबी पोरगा म्हणून त्याचं नाव इंग्लंडभर झालं. प्रकरण थेट राणी शार्लटपर्यंत पोचलं. तिने विचारलं, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८३८ मैल अंतर आहे, रोज आठ फूट सरपटणारी गोगलगाय ते किती दिवसांत कापेल? उत्तर आलं, ५,५३,०८० दिवस. मी करून बघितलं, मैलाचे ५,२८० फूट धरले की बरोबर येतं. पंधराशे वर्षांहून जास्त काळ बिचारी गोगलगाय चालते आहे.

आणखी एक प्रश्न लक्षात ठेवा, कारण पुढे त्याची आठवण निघणार आहे. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांनी तो विचारला. सूर्य ९ कोटी ८० लाख मैलांवर आहे आणि तिथून प्रकाश आठ मिनिटांत येतो. एखाद्या ताऱ्यावरून प्रकाश यायला सहा वर्षं चार महिने लागत असतील तर तो तारा किती दूर? वर्ष ३६५ दिवस सहा तासांचं धरायचं आणि महिना २८ दिवसांचा. पोराचं उत्तर, ४,०६,३३,७४,००,००,००० मैल. हेही मी ताळा करून बघितलं आहे. वर्षाचे ते सहा तास धरायला आपल्यातला एखादा नक्की विसरला असता.

१८१८ साली बिडरची गाठ झेरा कोलबर्नशी घालून दिली गेली. हा अमेरिकेतला, व्हरमाँटचा, बिडरपेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि असाच तोंडी गणिताचा जादूगार. त्यालाही बाप घेऊन फिरत होता. दोन बापांची दोन पोरं समोरासमोर, आणि मोठी माणसं भोवती बसून प्रश्न टाकतायत. हे दृश्य मला काही केल्या आवडत नाही. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने ही भेट महत्त्वाची आहे, कारण इथून दोघांचे रस्ते फुटले.

कोलबर्न अवयव काढण्यात वाकबगार होता. २ चा ३२ वा घात अधिक १ ही संख्या मूळ आहे असं फर्मासारख्या थोर गणितज्ञाला वाटत होतं. ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवून दिलं. कोलबर्नने लहानपणी तेच तोंडी करून दाखवलं. पण पुढे पॅरिसला आणि लंडनला शाळा झाली, मोठा झाला, आणि विशीपर्यंत त्याची ती शक्ती बरीचशी ओसरली. त्याने शिक्षक म्हणून काम केलं, नाटकात नशीब अजमावलं, धर्मोपदेशक झाला, शेवटी भाषांचा प्राध्यापक झाला आणि १८३९ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला. रिचर्ड व्हेटली हे आणखी एक उदाहरण. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झाले, तर्कशास्त्रावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. पाच-सहा वर्षांचे असताना ते भलेमोठे हिशेब तोंडी करायचे. तीनेक वर्षांत ते सगळं उडून गेलं, आणि शाळेत तर हिशेबात ते ढ ठरले.

म्हणजे बघा, यातल्या एकाचं विशीपर्यंत गेलं, दुसऱ्याचं दहाव्या वर्षाच्या आतच गेलं. याला म्हातारपण म्हणायचं का? माझ्या मते वयाचा इथे काही संबंध नाही. कोलबर्नला आपण उत्तर कसं काढतो हे कितीतरी वर्षं स्वतःलाही सांगता येत नव्हतं. शाळेत नवी रीत आली, जुनी मागे पडली, आणि रोजच्या जगण्यात तिचं काही काम उरलं नाही.

बिडरचं नशीब वेगळं निघालं. काही विद्वान मंडळींना हा तमाशा बघवेना. विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव जॉन हर्शेल त्यांत होते. त्यांनी पैसे जमवून पोराला कँबरवेलच्या शाळेत घातलं. वर्षभर बरं चाललं आणि बापाने त्याला परत उचलून दौऱ्यावर नेलं. मग एडिंबरोला सर हेन्री जार्डिन नावाचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी बापाची समजूत घातली आणि मुलाला तिथल्या विद्यापीठात शिकायला ठेवून घेतलं. हा उपकार बिडर विसरले नाहीत. पुढे पैसा हाती आल्यावर, १८४६ मध्ये, त्यांनी त्याच विद्यापीठात गरीब विद्यार्थ्यासाठी वर्षाला चाळीस पौंडांची शिष्यवृत्ती ठेवली, आणि तिला नाव दिलं जार्डिन यांचं, स्वतःचं नव्हे. (इथून मी त्यांना ते म्हणतो. शाळा सोडवून फिरवलेल्या पोराला तो म्हटलं, पण चीफ इंजिनिअरला कसं म्हणणार?)

एडिंबरोत त्यांना एक मित्र मिळाला, रॉबर्ट स्टीफन्सन. वाफेचं इंजिन म्हटलं की जॉर्ज स्टीफन्सन आठवतात ना, त्यांचा हा मुलगा. ही दोस्ती १८५९ मध्ये रॉबर्ट वारेपर्यंत टिकली. बिडर आधी ऑर्डनन्स सर्व्हेत लागले, म्हणजे आपल्यासारखीच चेन-टेप आणि लेव्हलिंगपासून सुरुवात. १८३४ मध्ये ते रॉबर्टबरोबर लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेच्या कामावर गेले आणि मग मागे वळून बघितलं नाही. नॉर्वेतली पहिली रेल्वे १८५४ मध्ये सुरू झाली, तिच्यात स्टीफन्सनबरोबर बिडर होते. लंडनची व्हिक्टोरिया गोदी १८५५ ची, ती त्यांची. नॉर्फोकमधल्या रीडहॅमला नदीवर रेल्वेचा फिरता पूल बांधला, असा पूल रेल्वेसाठी पहिल्यांदा त्यांनीच आणला असं मानतात. १८४६ मध्ये इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. (घ्या, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचंही समाधान झालं.) १८६० आणि १८६१ अशी दोन वर्षं ते इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचे अध्यक्ष होते. आपल्याशी लांबून एक धागा जुळतो तो असा, की मुंबई-ठाणे मार्ग आणि मग भोर घाट ज्यांच्या हाताखाली झाला ते जेम्स बर्कली याच रॉबर्ट स्टीफन्सनच्या तालमीत तयार झाले होते.

आता गंमत अशी की त्या काळी रेल्वेचा नवा मार्ग टाकायचा तर पार्लमेंटच्या समितीपुढे जावं लागे. दोन्ही बाजूंचे वकील, दोन्ही बाजूंचे इंजिनिअर. नकाशे, लेव्हल्स, भरावाचं आणि खोदाईचं माप, खर्चाचा अंदाज. समोरचा आकडे वाचून दाखवतोय तोवर बिडरसाहेबांनी डोक्यात बेरीज मांडून त्यातली चूक पकडलेली असे. एका वकिलाने तर समितीकडे तक्रार केली म्हणे, की या गृहस्थांना खोलीत बसू देऊ नका, निसर्गाने त्यांना असं काही देऊन ठेवलंय की दुसऱ्या पक्षावर अन्याय होतो. विचार करा, हीच ती अक्कल. दहाव्या वर्षी लोकांनी तिला तिकीट लावलं होतं. चाळिशीत ती त्यांच्या रोजच्या कामाचं हत्यार झाली. मला वाटतं बिडरचं टिकलं आणि कोलबर्नचं गेलं याचं अर्धं कारण इथेच आहे.

उरलेलं अर्धं कारण त्यांच्या रीतीत आहे, आणि ती रीत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी इन्स्टिट्यूशनमध्ये इंजिनिअर लोकांसमोर तोंडी गणितावर व्याख्यान दिलं. आपली स्मरणशक्ती काही जगावेगळी नाही आणि ही विद्या शिकवता येण्यासारखी आहे, असा त्यांचा दावा होता. पोरांना आधी वस्तू मोजू द्या, संख्या हाताला लागू द्या, चिन्हं मागाहून, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण इथे करून दाखवतो. १७३ गुणिले ३९७. आपण काय करतो? उजवीकडून सुरू करतो. सात त्रिक एकवीस, एक लिहिला, हातचे दोन. तीन ओळी मांडायच्या, त्या तिन्ही लक्षात ठेवायच्या, वर हातचे सांभाळायचे, आणि शेवटी बेरीज. कागदावर ठीक आहे, पण डोक्यात या कसरतीने मेंदूला घाम फुटतो. बिडर डावीकडून, मोठ्या बाजूने सुरू करत. शंभर वेळा ३९७ म्हणजे ३९,७००. सत्तर वेळा ३०० म्हणजे २१,०००, झाले ६०,७००. सत्तर वेळा ९० म्हणजे ६,३००, झाले ६७,०००. सत्तर साते ४९०, झाले ६७,४९०. तीन वेळा ३०० म्हणजे ९००, झाले ६८,३९०. तीन नव्वदे २७०, झाले ६८,६६०. तीन साते २१, झाले ६८,६८१. संपलं.

यातली खुबी बघा. कुठल्याही क्षणी डोक्यात एकच आकडा धरायचा आहे, चालू बेरजेचा. नवा आला की जुना पुसून टाकायचा. हातचा नावाला नाही. शिवाय मध्येच कोणी दार वाजवलं तरी तोवरचं उत्तर साधारण बरोबर असतंच, कारण मोठा भाग आधी झालेला असतो. एस्टिमेट करताना आपल्याला हेच तर हवं असतं. अर्थात याला मर्यादा होती. एकदा त्यांनी बारा आकडी संख्येला बारा आकडी संख्येने गुणलं, पण तो फार त्रासाचा आणि थकवणारा उद्योग झाला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे.

आता वयाकडे येऊ. मानसशास्त्रवाले आज जे सांगतात ते थोडक्यात असं. डोक्याचा नुसता वेग विशी-तिशीनंतर हळूहळू उतरू लागतो. एकाच वेळी चार गोष्टी मनात धरून त्यांच्यावर काम करायची ताकद, जिला ते वर्किंग मेमरी म्हणतात, तीही वयाबरोबर कमी होते. पण जे पक्कं मुरलं आहे, शब्द, पाढे, धंद्यातली जाण, ते फार उशिरापर्यंत टिकतं. म्हणून सात आठे छप्पन्नला म्हातारा माणूस फारसा अडत नाही, हातच्याला अडतो. अमेरिकेत तर काही पाहण्यांत साध्या बेरजा-गुणाकारांत म्हातारे तरुणांच्या पुढे गेलेले दिसले, कारण त्यांच्या शाळेत घोटून घेतलं होतं आणि यांच्या नाही. त्यामुळे म्हातारा आणि तरुण यांची तुलना करताना वयाचा फरक कुठला आणि शाळेचा कुठला हे वेगळं काढावं लागतं.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवत होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत. आयुष्य आडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून गेलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं तोंडावर. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तुमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं? साडेतीन रुपये किलोने चौदा किलो असं म्हणायचा अवकाश, एकोणपन्नास हे उत्तर यायचंच. गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलं आहे. डॉक्टरकडे नेलं तेव्हा शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं, ही त्यांची नेहमीची चाचणी असते. आजोबा म्हणाले त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, आणि थांबायलाच तयार नव्हते. त्यानंतर डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारलं, आणि आजोबा आईकडे बघायला लागले.

आईला त्या वजाबाक्या ऐकून धीर आला होता. मला आला नाही. हिशेब शाबूत आहे म्हणजे माणूस शाबूत आहे असं नाही, आणि हिशेब गेला म्हणजे सगळं गेलं असंही नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. सत्तर वर्षांच्या घोटण्याने खोल गेलेलं शेवटपर्यंत हाताशी राहतं. आजचा वार मात्र रोज नव्याने धरावा लागतो. घरी सध्या रोज संध्याकाळी धाकटी बहीण त्यांच्याकडून दिडकी शिकते आहे. तिला ती लागत नाही, पण त्या अर्ध्या तासात आजोबा कुणाकडे बघत नाहीत.

असो. बिडर यांच्या घरात ही देणगी पुढेही उतरली, पण जशीच्या तशी नाही. त्यांच्या मुलाचं नावही जॉर्ज पार्कर बिडरच. तो नामांकित वकील झाला. पंधरा आकडी संख्यांचा गुणाकार तो तोंडी करू शके, पण वडिलांपेक्षा सावकाश आणि कधीमधी चुकत. त्याची तऱ्हा वेगळी होती. डोळ्यांपुढे पाटी आहे आणि तिच्यावर आकडे लिहिलेले दिसतायत अशा पद्धतीने तो करायचा. तो लिहायला शिकून मग मोजायला लागला, वडील मोजून मग लिहायला शिकले, हा फरक मला फार बोलका वाटतो. थोरल्या बिडरांच्या एका भावाला म्हणे बायबल पाठ होतं, पण हिशेबाच्या नावाने शंख. म्हणजे नुसत्या पाठांतराने हे होत नाही.

उतारवयात ही विद्या मंदावते का, याचं आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. शकुंतलादेवींनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा आकडी संख्येला तेरा आकडी संख्येने गुणून अठ्ठावीस सेकंदांत उत्तर दिलं ते १९८० साली, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. बिडर मात्र त्याहूनही पुढे गेले.

निवृत्तीनंतर ते परत आपल्या डेव्हनमध्येच, डार्टमथला समुद्राकाठी येऊन राहिले होते. सप्टेंबर १८७८. वय बहात्तर. एक पाद्री स्नेही भेटायला आले होते. बोलणं प्रकाशाकडे वळलं, प्रकाश किती वेगाने येतो आणि त्याच्या लाटा किती बारीक असतात याकडे. पाहुण्यांनी सहज प्रश्न काढला. प्रकाशाचा वेग सेकंदाला १,९०,००० मैल धरू. तांबड्या प्रकाशाच्या एका इंचात ३६,९१८ लाटा मावतात. तर तांबडा रंग दिसतो तेव्हा एका सेकंदात डोळ्यात किती लाटा शिरत असतील? आणि ते गुणाकार करायला पेन्सिल काढू लागले. बिडर यांनी त्यांना सांगितलं की मांडायचे कष्ट घेऊ नका, आणि उत्तर दिलं, ४४,४४,३३,६५,१२,००,०००.

मी हे कागदावर सोडवलं ते असं. मैलाचे इंच ६३,३६०. त्याला १९ ने गुणलं की १२,०३,८४०. आता त्याला ३६,९१८ ने गुणायचं. त्याऐवजी ३७,००० ने गुणलं, ४४,५४,२०,८०,०००. यातून ८२ पट, म्हणजे ९,८७,१४,८८० वजा केले, राहिले ४४,४४,३३,६५,१२०. वर चार शून्यं, कारण १,९०,००० चे नुसते १९ घेतले होते. मला कागद-पेन घेऊन सहा मिनिटं लागली. प्रकाशाचा वेग आज आपण १,८६,००० मैलांच्या आसपास मानतो, तेव्हा फिजिक्सच्या सरांनी उत्तरात थोडी काटछाट करावी. पण गुणाकार शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर आहे. कॅल्क्युलेटरला विचाराल तर तो ४.४४४३३६५१२ गुणिले दहाचा चौदावा घात असं दाखवतो.

त्यानंतर दोन दिवसांनी, २० सप्टेंबर १८७८ ला, बिडर वारले.

— तृतीय वर्ष, स्थापत्य